मोडशीपासून सलाईनपर्यंत

इंग्रजीत 'सलाईन' हे मुळात विशेषण आहे. त्याचा अर्थ 'खारे' किंवा 'मिठाचे'. मराठीने त्याचे नाम केले आणि त्याला आपली क्रियापदे जोडली. आपण सलाईन 'लावतो', 'चढवतो', 'दोन बाटल्या गेल्या' असे सांगतो. तोट्यातला सहकारी कारखाना किंवा रखडलेले महामंडळ 'सलाईनवर' असल्याचे मथळे तर वर्तमानपत्रांत नित्याचे झाले आहेत. परकीय शब्दाला लक्षणार्थ प्राप्त होणे ही तो भाषेत मुरल्याची खूण मानली जाते. त्या कसोटीवर सलाईन हा आता मराठी शब्द आहे. मात्र या लक्षणार्थात एक गफलत दडलेली आहे. 'सलाईनवर असणे' म्हणजे मरणाच्या दारी कसेबसे तगून राहणे, आणि 'एक सलाईन लावून घेणे' म्हणजे शक्ती भरून घेणे, असे दोन परस्परविरोधी अर्थ आपण एकाच बाटलीला चिकटवले आहेत. वस्तुतः तिच्यात असते मीठ आणि पाणी. या मीठपाण्याचा इतिहास मात्र विलक्षण आहे, आणि त्याचे एक टोक आपल्याच भाषेला येऊन भिडते.

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याचा भारतातील औषधींवरील संवादात्मक ग्रंथ छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्यातील एका संवादात जुलाब-उलट्यांनी काही तासांत माणसाला संपवणाऱ्या रोगाचे वर्णन येते, आणि त्याचे स्थानिक नाव म्हणून ऑर्टा जे नाव देतो ते आपल्या कोकणी-मराठी 'मोडशी'चेच रूप आहे. पोर्तुगिजांच्या तोंडी तिचे 'मोर्देशिम' झाले, आणि फ्रेंच कानांना ते 'मोर द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे ऐकू आले. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या शब्दाच्या प्रवासाची नोंद आहे. 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' हा वाक्प्रचार आपल्याकडेही असावा, हा योगायोग भाषाभ्यासकाला क्षणभर थांबवणारा आहे. ऑर्टाने पाहिलेला रोग आजच्या अर्थाने पटकी, म्हणजे कॉलराच होता काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या रोगात इथले वैद्य काय देतात हे सांगताना ऑर्टा मिरी-जिरे घातलेल्या तांदळाच्या पेजेचा उल्लेख करतो. रुग्णाच्या पायांना डाग देत, हेही तो सांगतो. डाग देण्याचा उपयोग शून्य होता. पेजेचे मर्म कळायला मात्र पुढची चारशे वर्षे जावी लागली.

१८१७ साली बंगालमधील जेसोर येथे पटकीची साथ उसळली आणि तिथून ती जगभर पसरली. पुढल्याच वर्षी ती मुंबई इलाख्यात आली. आपल्या गावोगावच्या मरीआईच्या देवळांमागे, वेशीबाहेर नेऊन सोडल्या जाणाऱ्या तिच्या गाड्यामागे, या आणि अशा साथींची भीती उभी आहे. हा लोकसाहित्याचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. इथे एवढेच नोंदवू, की त्या काळी लंडनमधल्या डॉक्टरांचे उपाय मरीआईच्या गाड्याहून फारसे अधिक गुणकारी नव्हते. किंबहुना ते अधिक घातक होते. शिरा तोडून रक्त काढणे, पाऱ्याचे क्षार देणे, रेचके देणे, आणि तहानेने तडफडणाऱ्या रुग्णाचे पाणी तोडणे, अशी ती चिकित्सा होती. ज्याच्या देहातून पाणी वाहून चालले आहे त्याचे रक्तही काढून घ्यायचे! गाडा वेशीबाहेर नेल्याने निदान रुग्णाचे रक्त तरी जात नव्हते.

१८३१ च्या अखेरीस साथ इंग्लंडच्या सन्डरलंड बंदरात उतरली. एडिंबऱ्यात शिकलेला, बावीस-तेवीस वर्षांचा विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी हा आयरिश डॉक्टर तिथे गेला. उपचाराच्या आधी त्याने रोग्यांचे रक्त तपासले. त्यातील पाणी घटले होते, क्षार घटले होते, आणि जे रक्तात कमी होते ते विष्ठेत सापडत होते. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष आज बाळबोध वाटेल: जे गेले आहे ते परत द्यावे, आणि ते थेट शिरेतून द्यावे. स्वतः त्याने कोण्या रोग्यावर हा प्रयोग केला नाही. तो केला एडिंबऱ्याजवळच्या लीथ येथील थॉमस लॅटा या डॉक्टराने, १८३२ च्या मे महिन्यात.

लॅटाचे पत्र त्याच वर्षी जूनमध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते वैद्यकाचा दस्तऐवज म्हणूनच नव्हे, तर गद्य म्हणूनही वाचावे अशी माझी शिफारस आहे. त्याची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. सगळे प्रचलित उपाय करून संपले होते आणि आता हिच्यावर प्रयोग केला तरी तिचे काही बिघडणार नाही, अशा अवस्थेत ती पोचली होती. लॅटाने तिच्या हाताच्या शिरेत नळी घातली आणि थोडे थोडे खारे पाणी आत सोडू लागला. बराच वेळ काहीच घडले नाही. मग तिचा श्वास हळूहळू मोकळा झाला. खोल गेलेले डोळे, पडलेला जबडा, थंडगार त्वचा यांत जीव परतू लागला. नाहीशी झालेली नाडी हाताला लागली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे तीन-साडेतीन लिटर पाणी तिच्या शिरेतून गेले होते. आता आपल्याला बरे वाटते आहे, असे ती बाई म्हणाली. ती निभावली असे समजून लॅटाने तिला रुग्णालयाच्या डॉक्टरच्या स्वाधीन केले आणि तो निघून गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी मात्र पुन्हा कोणी दिले नाही. साडेपाच तासांत ती गेली.

लॅटाची बुद्धी त्या मृत्यूच्या अन्वयात दिसते. उपाय खोटा ठरला असे त्याने म्हटले नाही. तो अपुरा पडला असे म्हटले, आणि पुढच्या रोग्यांना पुन्हा पुन्हा पाणी दिले. त्यातले काही जगले. पण वैद्यकविश्वाला हे पटले नाही. पाणी उकळलेले असण्याची सक्ती नव्हती, कारण जंतूंचा सिद्धान्तच अजून यायचा होता. त्यातील मिठाचे प्रमाण रक्ताच्या मानाने फारच कमी होते. आणि हा उपाय वाट्याला येई तो जवळजवळ मेलेल्यांच्याच. १८३३ साली क्षयाने लॅटा वारला आणि त्याच्याबरोबर ही विद्याही जवळपास विस्मृतीत गेली. ओ'शॉनेसी त्याच वर्षी कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आला, म्हणजे पटकीच्या माहेरीच. तिथे त्याने रसायनशास्त्र शिकवले, गांजाच्या औषधी गुणांवर निबंध लिहिला, पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारले आणि 'सर' झाला. शिरेतून पाणी देण्याचा स्वतःचाच विचार मात्र त्याने इथे पुढे नेल्याचे दिसत नाही. इतिहासातल्या काही गोष्टी चीड आणतात, त्यांपैकी ही एक.

पुढची पन्नास-साठ वर्षे भराभर ओलांडता येतील. सिडनी रिंगर या लंडनच्या डॉक्टराने १८८० च्या दशकात बेडकाच्या सुट्या हृदयावर प्रयोग केले. शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात ते हृदय अधिक काळ धडधडत राहते, हे त्याच्या ध्यानात आले. त्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हे त्याचे कारण होते. आजच्या 'रिंगर लॅक्टेट' बाटलीतले 'रिंगर' म्हणजे हाच. 'लॅक्टेट'ची भर अमेरिकेतल्या ॲलेक्सिस हार्टमनने १९३० च्या दशकात घातली. दर शंभर भागांत ०.९ भाग मीठ हे प्रमाण हार्टोग हॅम्बर्गर या डच शास्त्रज्ञाच्या रक्तपेशींवरील कामातून आले, आणि त्या द्रावणाला 'नॉर्मल सलाईन' हे नाव पडले. हे नाव फसवे आहे. रक्तातल्या क्लोराइडच्या मानाने या द्रावणात ते जवळजवळ दीडपट असते. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्सने कलकत्त्यात अधिक खारट द्रावण वापरून पटकीचे मृत्यू साठ टक्क्यांच्या घरातून तीसच्या आसपास आणले. म्हणजे ओ'शॉनेसीचा विचार त्याच शहरात खरा ठरला. फक्त सत्तर-पंच्याहत्तर वर्षे उशिरा.

आज शिरेतून पाणी देणे किती मोलाचे आहे, याविषयी संशयाला जागा नाही. पटकी, भाजणे, अपघातातला रक्तस्राव, मोठी शस्त्रक्रिया, शुद्ध हरपलेला रोगी, काही पोटात न ठरणारे मूल, अशा वेळी ती बाटली अक्षरशः प्राण असते. पण शीर हा शरीराचा आतला दरवाजा आहे. तोंडाने घेतलेल्या पाण्याची गाळणी, तोलणी, नको असल्यास नकार, हे सारे आतडे करते. शिरेत गेलेल्या पाण्याला असा द्वारपाल नाही. इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात १९७२ साली दूषित ग्लुकोजच्या बाटल्यांमुळे पाच रोगी दगावले. निर्जंतुक करण्याच्या यंत्रात हवा अडकून राहिली होती आणि तळच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नव्हत्या. पाणी निर्मळ असले तरी मात्रेचा प्रश्न उरतोच. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असले तर ते फुप्फुसांत साचते. क्षार कमी पडले तर मेंदूला सूज येते. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियात तापाने अत्यवस्थ झालेल्या तीन हजारांहून अधिक मुलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पटकीसारखे जुलाब असलेली मुले त्यात नव्हती. ज्यांना शिरेतून झपाट्याने पाणी दिले त्यांच्यात अठ्ठेचाळीस तासांत सुमारे साडेदहा टक्के मृत्यू झाले. ज्यांना तसे दिले नाही त्यांच्यात ७.३ टक्के. जो उपाय सर्वांना स्वयंसिद्ध वाटत होता, त्यानेच मुले दगावत होती. ओ'शॉनेसीच्या सूत्राचा पूर्वार्ध, म्हणजे 'जे गेले आहे ते', विसरून केवळ उत्तरार्ध पाळला की काय होते, याचे याहून दारुण उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे हा पूर्वार्ध रोजच विसरला जातो. खुरपणीच्या हंगामात अंगदुखीने बेजार झालेली मजूर बाई दवाखान्यात येते आणि 'डॉक्टर, एक बाटली चढवा' म्हणते. बाटली न लावणारा डॉक्टर तिच्या लेखी डॉक्टरच नव्हे. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत असते २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाचेक चमचे. एका भाकरीहूनही तिची ऊर्जा कमी. अर्ध्या लिटरच्या सलाईनमध्ये असते साडेचार ग्रॅम मीठ. त्यासाठी तिची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. तिला हसण्याचे कारण नाही. तिने बाटलीने मरणाच्या दारातून परतलेली माणसे पाहिली आहेत आणि त्यावरून अनुमान काढले आहे. अनुमान चुकीचे आहे, पण निराधार नाही. महानगरांतल्या वातानुकूलित दालनांत जीवनसत्त्वे मिसळलेले 'ड्रिप' तेज, तारुण्य आणि उत्साह यांच्या नावाने हजारो रुपयांना विकत घेणाऱ्या सुशिक्षितांपाशी मात्र तेवढाही आधार नाही. धडधाकट माणसाला याचा लाभ होतो असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. शिरेचा दाह, जंतुसंसर्ग, क्वचित तीव्र ॲलर्जी हे धोके मात्र खरे आहेत. जादा जीवनसत्त्वांचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो.

आता पेजेकडे परत येऊ. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये पटकीच्या १८६ रोग्यांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचे पाणी दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. साखर सोबत असली की आतडे मीठ आणि पाणी ओढून घेते, हे तत्त्व १९६० च्या दशकात प्रयोगशाळेत स्पष्ट झाले आणि ढाक्यात रोग्यांवर पडताळले गेले. पिठाची साखर होते आणि तीच आतड्यात हे काम करते. मीठ घातलेल्या पेजेचे रहस्य ते हेच. मग १९७१ साल उजाडले. पूर्व पाकिस्तानातून लाखोंच्या संख्येने निर्वासित सीमा ओलांडत होते. बनगावच्या रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर पडलेले, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. लॅटापाशी नव्हता असा पेच इथे होता: उपाय ठाऊक होता, सिद्ध होता, पण पुरणार नव्हता. महालनबीसांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधवून घेतल्या, ते पाणी नळ लावलेल्या पिंपांत भरले, आणि ते पाजण्याचे काम आया, भाऊ, शेजारी यांच्या हाती सोपवले. ज्यांना वैद्यकाचे अक्षर ठाऊक नव्हते त्यांच्या हाती! तीन हजारांवर रोग्यांमधले मृत्यू तीस टक्क्यांच्या घरातून ३.६ टक्क्यांवर आले. हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला तो १९७३ साली. अत्यवस्थ रोग्यांसाठी शिरेतले पाणी त्यांनी राखून ठेवले होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्यांनी बाटली नाकारली नाही, तिची जागा ठरवली.

महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण २०२३ साली मरणोत्तर मिळाले. बनगाव आज पश्चिम बंगालात, सीमेच्या अलीकडे आहे. १९४७ च्या फाळणीपर्यंत ते जेसोर जिल्ह्यात मोडत असे. १८१७ ची साथ जिथून निघाली, त्याच जेसोरच्या.