दुचाकीची अश्वशक्ती : कागदावरचा आकडा येतो कोठून?

सिलतरा (रायपूर) : रायपूर-बिलासपूर मार्गावरील सिलतरा औद्योगिक क्षेत्रात स्पंज आयर्न आणि पोलाद कारखान्यांची पाळी सुटली की रस्त्यावर दुचाकींची रांग लागते. या गर्दीत हमखास दिसणाऱ्या हीरो स्प्लेंडर प्लस या ९७.२ सीसी गाडीची शक्ती एका ठिकाणी ८.०२ पीएस, दुसरीकडे ७.९१ बीएचपी, तर तिसरीकडे ५.९ किलोवॅट अशी छापलेली आढळते. ग्राहकाला हे तीन वेगळे दावे वाटतात. प्रत्यक्षात तिन्ही आकडे एकाच मोजणीचे आहेत. फरक केवळ एककाचा आहे.

अश्वशक्ती ही कल्पना जेम्स वॅट यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याशी करण्यासाठी रूढ केली. त्यांची ब्रिटिश अश्वशक्ती सुमारे ७४५.७ वॅट भरते. युरोपात रुजलेली मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे जर्मन भाषेतून आलेली ‘पीएस’, ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याच्या कामावरून ठरली असून ती ७३५.५ वॅट आहे. त्यामुळे एक किलोवॅट म्हणजे १.३६ पीएस, पण १.३४ अश्वशक्ती. पीएसमधला आकडा नेहमीच किंचित मोठा दिसतो आणि जाहिरातींत त्याला पसंती का मिळते, हे वेगळे सांगायला नको.

इंजिनाची शक्ती थेट मोजता येत नाही. डायनॅमोमीटर या यंत्रावर इंजिन चालवून त्याला ब्रेकप्रमाणे विरोध केला जातो. बीएचपीमधला ‘ब्रेक’ तो हाच. त्या वेळी दोन गोष्टी नोंदवल्या जातात : फिरण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, आणि मिनिटाला होणारे फेरे. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. स्प्लेंडरचा सर्वाधिक टॉर्क ८.०५ न्यूटन-मीटर असून तो ६,००० फेऱ्यांवर मिळतो. सर्वाधिक शक्तीच्या ८,००० फेऱ्यांवर टॉर्क ७ च्या आसपास उतरलेला असतो, तरीही फेरे वाढल्याने शक्ती वाढते. रोजच्या वाहतुकीत मात्र इतक्या फेऱ्यांवर गाडी क्वचितच चालते. माहितीपत्रकातील तो एक आकडा गाडीच्या शिखराचा असतो, सवयीचा नव्हे.

देशात नवे मॉडेल विक्रीस आणण्यापूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये त्याचा नमुना अधिकृत चाचणी संस्थेकडे द्यावा लागतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि मानेसरची आयकॅट या त्यांपैकी प्रमुख संस्था होत. निर्माता इंजिनाची शक्ती स्वतः घोषित करतो आणि चाचणी संस्था ती भारतीय मानक १४५९९ मधील पद्धतीने पडताळते. मोजलेला आणि घोषित आकडा तंतोतंत जुळावा अशी अपेक्षा नसते. थोडी सूट असते. मोटारींसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ८५ मध्ये ही सूट कमाल शक्तीसाठी दोन टक्के आहे. उत्पादन सुरू झाल्यानंतर कारखान्यातील गाड्या मंजूर नमुन्यासारख्याच आहेत की नाहीत, हे नियम १२६-अ नुसार तपासले जाते.

या पडताळणीतील नाजूक भाग हवेचा आहे. हवा विरळ असेल तर इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि शक्ती घटते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब सागरकिनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. म्हणून मोजलेला आकडा २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब या प्रमाणित स्थितीत रूपांतरित केला जातो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पेट्रोल इंजिनासाठी हा सुधारणा गुणक ०.९३ ते १.०७ या मर्यादेतच चालतो. त्यापलीकडे नुसत्या गणितावर भिस्त ठेवता येत नाही. हेच सूत्र उलटे लावले तर मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात सिलतऱ्याच्या रस्त्यावर केवळ तापमानामुळे शक्ती सुमारे ४ टक्क्यांनी घटते. कागदावरचे ८.०२ पीएस तेथे ७.७ च्या आसपास उरतात. ही निर्मात्याची फसवणूक नव्हे. घोषित आकडा त्या उन्हासाठी नसतोच.

दुसरा फरक मोजण्याच्या जागेचा आहे. घोषित शक्ती इंजिनाची असते, मागच्या चाकाची नसते. दुचाकीत गिअरपेटी इंजिनातच बसवलेली असल्याने मोजणी अनेकदा गिअरपेटीच्या बाहेर येणाऱ्या दांड्यावर होते आणि मधली घट हिशेबाने परत मिळवली जाते. युरोपीय नियमावलीत सरळ दातांच्या गिअरजोडीसाठी ०.९८, तर रोलर साखळीसाठी ०.९५ कार्यक्षमता धरली जाते. गॅरेजमधील चाकाखालच्या रोलरवर आकडा कमी येतो तो यामुळे. एअर फिल्टर आणि सायलेन्सर लावूनच केलेली मोजणी ‘निव्वळ शक्ती’ ठरते. अमेरिकेतील मोटार कंपन्या १९७० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत हे भाग वगळून भरघोस आकडे छापत असत. चूक उघड झाल्यास किंमतही मोजावी लागते : २००१ मध्ये माझदाने अमेरिकेतील मियाटा मोटारीची शक्ती १५५ वरून १४२ अश्वशक्तीवर आणली आणि ग्राहकांना गाडी परत करण्याची मुभा दिली.

भारतात पेट्रोल दुचाकीचे कायदेशीर गणित बहुतांशी सीसीवर चालते. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार ७५ ते १५० सीसी दुचाकीचा वार्षिक तृतीयपक्ष विमा ७१४ रुपये, तर १५० ते ३५० सीसीचा १,३६६ रुपये ठरला. शक्तीचा त्यात संबंध नाही. युरोपात मात्र परवानाच किलोवॅटवर ठरतो : ए-१ वर्गाला ११, ए-२ ला ३५. चाकणला तयार होणाऱ्या ट्रायम्फ स्पीड ४०० ची शक्ती २९.५ किलोवॅट आहे, म्हणजे ती ए-२ मर्यादेत बसते.

विजेवरील दुचाकींनी हा प्रश्न भारतीय ग्राहकाच्या दारात आणला आहे. त्यांचा विमा किलोवॅटवर आकारला जातो. शिवाय मोटारीची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असल्यास नोंदणी व परवाना लागत नाही. ही ३० मिनिटांची शक्ती, म्हणजे मोटार सलग अर्धा तास टिकवू शकेल ती सरासरी, एआयएस-०४१ या मानकानुसार मोजतात. क्षणिक झेप त्याहून बरीच मोठी असू शकते. याच फटीतून मंजुरीनंतर बदल केलेल्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने मे २०२२ मध्ये त्यांच्याविरुद्ध तपासणी मोहीम उघडली. मालकाने स्वतः केलेला बदलही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येतो आणि त्यासाठी कलम १८२-अ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.