दरवाजाचे शहर

अहमदाबादच्या जुन्या वस्तीचा घटक म्हणजे 'पोळ'. हा शब्द संस्कृत 'प्रतोली'पासून आला. प्रतोली म्हणजे वेस, दरवाजा. गल्लीला, तिच्यातील घरांना आणि त्या घरांतून नांदणाऱ्या समुदायाला मिळून दरवाजाचेच नाव पडावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. रात्री पोळेचा दरवाजा लागे, त्यावरील माडीत राखणदार असे, आणि आत कोण शिरले हे कळल्यावाचून राहत नसे. आत घेण्यापेक्षा बाहेर ठेवण्यासाठी रचलेल्या अशा शहराने परक्यांना आपली दारे उघडून दाखवण्याचे ठरवले, तेव्हा नेमके काय उघडले, याचा विचार वारशाविषयीच्या उत्साही बोलण्यात फारसा होत नाही.

ऐतिहासिक वास्तू ठरावीक दिवशी सर्वांना खुल्या करण्याची आधुनिक प्रथा फ्रान्समध्ये 1984 साली सुरू झाली. युरोपीय परिषदेने 1991मध्ये ती खंडभर नेली, आणि इंग्लंडमध्ये 1994पासून तिने मूळ धरले. या प्रथेत नागरिकाच्या हक्काची एक धिटाई होती: जे राजवाडे, जी मंत्रालये आपल्या करातून चालतात, ती आतून कशी आहेत हे पाहण्याची. आपल्याकडे 18 एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि 19 ते 25 नोव्हेंबरचा वारसा सप्ताह पाळला जातो. पण एरवीही तिकीट काढून पाहता येणाऱ्या वास्तूचे तिकीट एक दिवस माफ करणे म्हणजे दार उघडणे नव्हे.

अहमदाबादचा प्रयोग यामुळेच वेगळा ठरतो. 1997 साली 19 नोव्हेंबरला तेथील महानगरपालिकेने वारसा पदयात्रा सुरू केली. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचे, पोळांतून वाट काढीत माणेक चौकाकडे यायचे आणि जामा मशिदीशी थांबायचे, असा तिचा मार्ग. मंदिर 1822चे, मशीद 1424ची; म्हणजे माणूस चालतो पुढे आणि काळ जातो मागे. मात्र या दोन टोकांच्या मधले जे आहे त्याच्या किल्ल्या कोणत्याही सरकारी कचेरीत नाहीत. तेथे वाळत घातलेले कपडे आहेत, ओट्यावर भाजी निवडणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्या संमतीवाचून एक पाऊलही पुढे पडत नाही.

आत शिरल्यावर दिसते ते मोठे शहाणपणाचे बांधकाम. रस्त्याला लागून ओटा, मग खडकी, मग उघडा चौक. चौकाभोवती परसाळ आणि त्यामागे ओरडो, ज्याला आपण माजघर म्हणू. चौकाच्या फरशीखाली टाके असते. पावसाळ्यात छपरावरचे पाणी त्यात उतरवून पिण्यासाठी साठवीत. गुजराती 'टांकुं' आणि मराठी 'टाके' हे एकच, हे ध्यानात आले की परक्या घरातला संकोच थोडा कमी होतो. भिंती विटांच्या, पण त्यांत ठरावीक अंतराने लाकडाच्या आडव्या पट्ट्या गुंफलेल्या. 26 जानेवारी 2001च्या भूकंपात शहरातील कित्येक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या, तेव्हा या जुन्या जोडणीची किंमत पुन्हा एकदा कळून आली. प्रवासी मात्र बहुधा खांबांवरील नक्षीच पाहतात. तीही पाहण्याजोगी आहेच. 1880च्या दशकात अमेरिकन कलावंत लॉकवुड डी फॉरेस्ट याने मगनभाई हठीसिंग यांच्या साहाय्याने येथील सुतारांकडून कोरीवकाम करवून घेतले आणि न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराला लावले. नक्षी अशी उचलून नेता येते. टाके नेता येत नाही.

जामा मशिदीपासून पश्चिमेस काही पावलांवर तीन दरवाजा आहे. मराठी वाचकाने तेथवर जावे. 1753मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतले, मध्ये ते गमावले, 1758मध्ये पुन्हा मिळवले. पुढे 1817पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा येथे दुहेरी अंमल होता. स्थानिक स्मृतीत तो काळ करवसुलीचा आणि पडझडीचा आहे, आणि ही स्मृती निराधार आहे असे आपल्याला म्हणता येणार नाही. परंतु त्याच काळातील 1812चा, सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा एक देवनागरी लेख या दरवाजावर आहे. बापाच्या मालमत्तेतील मुलीचा वाटा तिला बिनहरकत मिळावा, जो आड येईल त्याने, हिंदू असल्यास महादेवाला आणि मुसलमान असल्यास अल्लाला जाब द्यावा, असा त्याचा आशय. विजयस्तंभ किंवा देणगीचे दगड पुष्कळ सापडतात. वेशीवर कोरलेला वारसाहक्काचा हुकूम विरळा. आज दरवाजाखालच्या बाजारातली गर्दी त्याच्याकडे मान वर करून पाहत नाही.

'वारसा' या शब्दाचे दोन अर्थ याच ठिकाणी एकमेकांना भेटतात. पोळेतील घर आजोबांकडून नातवंडांकडे येते तेव्हा त्याचे वाटे पडतात, आणि वाटेकरी साबरमतीपलीकडे किंवा परदेशी गेलेले असतात. दुरुस्तीचा खर्च एकाने करायचा आणि हक्क सर्वांचा, या पेचात घराला कुलूप लागते. जेथे भाडेकरू आहेत तेथे 1947च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याच्या छायेत गोठलेल्या भाड्यांमुळे मालकाला कौल बदलण्याचीही उमेद राहिली नाही. काही घरांचे खांब आणि कोरीव तीर सुटे करून विकले गेले. 2017मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. भारतातील असे हे पहिलेच शहर. मानपत्राने वाटण्यांचे तंटे मिटत नाहीत. शिवाय 2002च्या दंगलीनंतर पोळेचा दरवाजा हा केवळ वास्तुशास्त्राचा विषय राहिला नाही, हेही विसरून चालणार नाही.

शहराच्या तटाची गोष्टही अशीच आहे. विसाव्या शतकात तट बहुतांशी पाडला गेला आणि वेशी तेवढ्या राहिल्या. दिल्ली दरवाजा आज भिंतीवाचून उभा आहे. दोन्ही बाजूंनी वाहने जातात.

पदयात्रेच्या आरंभीच्या टप्प्यात लांबेश्वरच्या पोळेत कवी दलपतरामांचे स्मारक लागते. 1848मध्ये गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी स्थापन करणाऱ्या अलेक्झांडर फोर्ब्सचे हे गुजरातीचे गुरू. त्यांचे मूळ घर राहिलेले नाही; त्याचा दर्शनी भाग तेवढा पुन्हा उभारून पुढच्या ओट्यावर कवीचा धातूचा पुतळा बसवला आहे. येणारे जाणारे त्याच्या शेजारी टेकतात. शाळेतून परतणारी मुले त्याच्या मांडीवर दप्तर ठेवून खेळायला पळतात.