शनीची कडी व आयनांबर
शनीची कडी मुख्यत्वे पाण्याच्या बर्फाची आहेत. त्यांतील विद्युतभारित सूक्ष्म कण चुंबकीय बलरेषांवरून ग्रहाच्या मध्य अक्षांशांवर उतरतात. यालाच ‘कड्यांचा पाऊस’ म्हणतात. पाण्याचे रेणू आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरात, मिसळले की त्यांच्यापासून बनणारे आयन इलेक्ट्रॉनांशी झपाट्याने संयोग पावतात व इलेक्ट्रॉन-घनता घटते. व्हॉयेजर यानांच्या निरीक्षणांनंतर १९८० च्या दशकात मांडलेल्या या कल्पनेला २०११ मध्ये हवाईतील केक दुर्बिणीने टिपलेल्या अवरक्त पट्ट्यांनी बळ दिले. खरा अचंबा २०१७ चा. कडी व ग्रह यांमधील फटीतून २२ फेऱ्या मारणाऱ्या कॅसिनी यानाला विषुववृत्ताजवळ पाण्यासोबत अमोनिया, मिथेन व इतर कार्बनी संयुगेही कोसळताना आढळली. कडी आयनांबरावर आणखी एका प्रकारे परिणाम करतात: त्यांची सावली पडते तेथे सूर्याचे अतिनील किरण अडतात आणि आयनीभवनही मंदावते.