आडोशाचा इतिहास

नृसिंहवाडीच्या घाटावर संगमाचा वारा सुटला, की निरांजन तळहाताच्या आडोशाने न्यावे लागते. स्क्रॅमजेटवर चालणाऱ्या हायपरसॉनिक यानांचा इतिहास हा अशाच आडोशाच्या शोधाचा इतिहास आहे. या इंजिनातून हवा ध्वनीहून अधिक वेगाने वाहते. इंधनाला पेटण्यास सेकंदाचा जेमतेम सहस्रांश मिळतो. म्हणून अनेक रचनांत ज्वलनकक्षाच्या भिंतीत खोबण ठेवतात. तिथे घुटमळणाऱ्या हवेत ज्योत तगते. ७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून उडालेल्या भारतीय यानात, ध्वनीच्या सुमारे ६ पट वेगात, ती २० सेकंदांहून अधिक टिकली. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादेत जमिनीवरील चाचणीत १,००० सेकंदांहून अधिक. पण जमीन डोलत नाही. यान किंचित कलले तरी इंजिनात शिरणारी हवा बदलते. निरांजन नेणाऱ्याला ज्योतीइतकेच पाऊलही सांभाळावे लागते.