जुनी दुर्बीण आणि नवा नेम

जुन्या वस्तूंचे ग्राहक दोन प्रकारचे असतात. एकास ती वस्तु कपाटांत ठेवावयाची असते. दुसऱ्यास तिच्याकडून काम करून घ्यावयाचें असतें. पहिल्यास तिचें वय प्रिय, दुसऱ्यास तिचा गुण. लक्ष्यवेधाच्या स्पर्धेसाठीं बंदुकीवरची जुनी दुर्बीण विकत घेणारा नेमबाज हा दुसऱ्या वर्गांतला होय. तरीहि आमचें म्हणणें असें कीं, या व्यवहारी गृहस्थासच इतिहासाची गरज अधिक आहे. अमेरिकेंत हा व्यवहार मोठ्या हौसेनें चालतो. म्हणून तेथीलच वृत्तान्त पाहूं.

दुर्बीण युरोपांत सतराव्या शतकाच्या आरंभीं अवतरली. पण बंदुकीवर ती उपयोगी पडेल अशी बसण्यास दोनशेंहून अधिक वर्षें लागलीं. बारूद पेटतांच बसणारा धक्का नाजूक भिंगांस सोसवत नसे, आणि बंदुकीचाच नेम जेथें भरंवशाचा नव्हता तेथें दूरचें स्पष्ट दिसून तरी लाभ काय? १८४० च्या सुमारास न्यूयॉर्क संस्थानांतील युटिका येथील बंदूक-कारागीर मॉर्गन जेम्स आणि इंजिनियर जॉन चॅपमन यांच्या सहकार्यानें या कामास निश्चित रूप आलें. पुढें १८५५ सालीं सिरॅक्यूस येथें विल्यम माल्कम यानें रंगदोष घालविणारीं जोडभिंगें वापरून दुर्बिणी करण्यास आरंभ केला. त्या काळच्या दुर्बिणी बंदुकीच्या नळीइतक्या लांब व कृश असत. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत त्या रणांगणावरहि गेल्या.

विसाव्या शतकांत या विद्येचें केंद्र पुन्हां स्पर्धेचें मैदान झालें. विंचेस्टर कंपनीची 'ए-५' ही दुर्बीण पुढें लायमन कंपनीकडे गेली. पिट्सबर्ग येथें फेकर यांचा कारखाना नांवाजला, आणि त्याच कारखान्यांत काम केलेल्या जॉन उनर्टल या जर्मनीहून आलेल्या कारागिरानें १९३० नंतरच्या दशकांत आपला स्वतंत्र कारखाना काढला. त्याची आठपट मोठें दाखविणारी दुर्बीण दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन मरीन दलानें स्प्रिंगफील्ड बंदुकांवर बसविली, व तिचा उपयोग व्हिएतनामच्या युद्धापर्यंत होत राहिला. कागदी लक्ष्यासाठीं घडलेलें यंत्र माणसांवर रोखलें गेलें, ही गोष्ट या इतिहासांत विसरतां येण्याजोगी नाहीं.

या दुर्बिणींची रचना आजच्या दुर्बिणींहून निराळी होती. आज नेम बदलण्याची योजना नळीच्या आंत असते. तेव्हां सबंध नळीच हलवीत असत. बंदुकीच्या पाठीवर दोन ठोकळे, त्यांवर दोन कड्या, आणि मागच्या कडीस दोन सूक्ष्म स्क्रू. दोन ठोकळ्यांमधील अंतर ७.२ इंच असलें म्हणजे स्क्रूच्या एका टिकेस पाव कलेचा, अर्थात् शंभर यार्डांवर सुमारें पाव इंचाचा, फरक पडे. बार उडाला कीं बंदूक मागें सरे आणि दुर्बीण कड्यांत जागच्या जागीं राहून पुढें सरकल्यासारखी होई. धक्का तिच्या भिंगांवर येत नसे. मात्र दर बारानंतर ती हातानें मागें ओढावी लागे. आजच्या नेमबाजास हें कटकटीचें वाटेल. पण धक्क्याच्या जुन्या प्रश्नास शोधलेलें तें साधें उत्तर होतें.

आतां ग्राहकानें काय पाहावें, हें या वृत्तान्तांतूनच निघतें. भिंगें दुर्बिणीचा प्राण खरीं, पण कड्या व त्यांचे स्क्रू हे तिचे हातपाय; ते झिजले असतील किंवा मूळचे नसतील तर स्वस्त दुर्बीण शेवटीं महाग पडते. स्क्रू वीस टिका एका दिशेस फिरवून तितक्याच परत फिरविल्यास फुली मूळ जागीं येते कीं नाहीं, ही परीक्षा अवश्य करावी. ठोकळ्यांचें अंतर निराळें असेल तर टिकेचें मापहि बदलतें. जोडभिंगें पूर्वीं बाल्सम नांवाच्या राळेनें चिकटवीत. ती जुनी झाली कीं कडेस पिवळट छटा किंवा फुटल्यासारखे डाग दिसतात. आंत धुकें किंवा बुरशी आहे काय, तें उजेडासमोर धरून पाहावें. पुढील भिंगाची कडी योग्य अंतरावर लावून डोळा थोडा हलवावा. फुली लक्ष्यावरून सरकूं लागली तर तें साधन स्पर्धेंत दगा देईल. मात्र महायुद्धापूर्वींच्या भिंगांस चकाकी घालविणारा लेप नसला तर तो दोष समजूं नये. त्या लेपाचा शोध झाइस कारखान्यांत स्माकुला यानें १९३५ सालीं लावला व त्याचा प्रसार सावकाश झाला.

खरा पेंच पुढेंच आहे. ओहायो संस्थानांतील कँप पेरी येथें जुन्या लष्करी धाटणीच्या दुर्बीणधारी बंदुकांची स्पर्धा होते. दोघांचा संघ तीनशें व सहाशें यार्डांवर नेम धरतो. या हौसेमुळें जुन्या दुर्बिणींस मागणी आली, आणि मागणीबरोबर लबाडीहि आली. मरीन दलाचीं अक्षरें नळीवर नव्यानें कोरणें कांहीं अवघड नाहीं. म्हणून अक्षरें शेवटीं वाचावीं, यंत्र आधीं वाचावें. आणि दुर्बीण खरोखरच युद्धांतली निघाली तर? तिचीं भिंगें उखडून नवा लेप द्यावा, म्हणजे गुण वाढतील. पण जो पुरावा एकदां पुसला तो पुन्हां मिळणार नाहीं. आमच्या मतें अशा दुर्बिणीस हात लावूं नये. त्याच कारागिराची साधी, विनाअक्षरी बहीण विकत घ्यावी, हवी तशी दुरुस्त करावी आणि मैदानावर न्यावी. इतिहासहि राहील व स्पर्धाहि होईल.

शेवटीं एक गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेंत दुर्बीण चालत नाहीं. बारीक छिद्रांतून पाहूनच नेम धरावा लागतो. दुर्बीण लक्ष्य जवळ आणते, हात स्थिर करीत नाहीं. उलट त्याचा कंप आठपट करून दाखविते. जुनी दुर्बीण घेणाऱ्यानें भिंगांची परीक्षा संपल्यावर ही दुसरी परीक्षाहि देण्याची तयारी ठेवावी.