पितळेचा एक नट : गॅसची शेगडी परवानाधारक हातांनीच का जोडली जाते?

१/
१६ मे १९६८. पूर्व लंडनमधील कॅनिंग टाऊन. पहाटेचे पावणेसहा वाजत आले होते. रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावर एक महिला चहासाठी स्वयंपाकघरात आली आणि तिने शेगडी पेटवण्यासाठी काडी ओढली. पुढच्या काही क्षणांत इमारतीचा एक संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला.

२/
या दुर्घटनेत चार जणांचा मृत्यू झाला, १७ जण जखमी झाले. काडी ओढणारी महिला मात्र बचावली. जे गेले ते तिच्या घरातले नव्हते. त्यांनी त्या शेगडीला कधी हातही लावला नव्हता. शेगडी कोणी जोडावी हा वरवर घरगुती वाटणारा प्रश्न कायद्याच्या कक्षेत का आला, याचे उत्तर या एका वस्तुस्थितीत दडलेले आहे.

३/
इमारत जेमतेम दोन महिन्यांपूर्वी वापरात आली होती. तिला खांब-तुळयांचा सांगाडा नव्हता. कारखान्यात ओतून आणलेले काँक्रीटचे मोठे फलक एकावर एक रचून ती उभारली होती. स्फोटाच्या दाबाने अठराव्या मजल्याच्या भारवाहक भिंती बाहेर फेकल्या गेल्या. वरच्या मजल्यांचा आधार गेला, ते खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचे मजले पत्त्यांसारखे ढासळत गेले. कोसळलेल्या भागात मुख्यतः बैठकीच्या खोल्या होत्या आणि त्या वेळी बहुतेक रहिवासी शयनगृहांत झोपलेले होते. अन्यथा मृतांचा आकडा कितीतरी मोठा झाला असता.

४/
सरकारने ह्यू ग्रिफिथ्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. आल्फ्रेड पग्सली आणि ओवेन साँडर्स हे अभियांत्रिकीतील जाणकार तिचे सदस्य होते. स्फोट असाधारण शक्तीचा नव्हता, घरगुती गॅसच्या स्फोटात जेवढा दाब निर्माण होतो तेवढाच तो होता, असा निष्कर्ष समितीने काढला. एवढ्याने इमारत कोसळते याचा अर्थ दोष रचनेत होता. १९७० मध्ये ब्रिटनचे बांधकाम नियम बदलले. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही रोनन पॉइंट अभ्यासतात तो याच कारणाने.

५/
हा इतिहासाचा परिचित अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग पितळेच्या एका लहानशा नटाचा आहे.

६/
शेगडीच्या मागे, गॅसच्या नळीला जोडणारा नट तुटलेला आढळला. त्याची कड प्रमाणित मापापेक्षा पातळ होती. स्फोटाच्या धक्क्यानेच तो तुटला असेल, ही शक्यता चाचण्यांतून तपासण्यात आली. नटावर तेवढा ताण आला असता तर त्याच्या आधी नळीच तुटली असती, असे दिसून आले. म्हणजे नट आधीच दुबळा झाला होता. जोडणीच्या वेळी तो प्रमाणाबाहेर आवळला गेला असावा, असा कयास निघाला. शेगडी एका ओळखीच्या व्यक्तीने जोडून दिली होती. समितीने भाडेकरू महिलेला दोषी धरले नाही.

७/
येथे थोडे थांबण्यासारखे आहे. ती जोडणी ‘फसलेली’ नव्हती. शेगडी पेटत होती, तिच्यावर स्वयंपाक होत होता. जोडणाऱ्याने हेतुपुरस्सर हयगय केली असेही नाही. उलट ‘गळू नये’ म्हणूनच माणूस नट जोर लावून आवळतो. गॅसच्या कामाचा खरा धोका हाच आहे. पाण्याचा नळ नीट बसला नाही तर फरशी भिजते आणि चूक त्याच दिवशी कळते. गॅसच्या जोडणीतील चूक दिसत नाही. ती कित्येक दिवस निमूटपणे काम करत राहते.

८/
मग हे काम पूर्वी कोण करत असे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील गॅस कंपन्या ग्राहकांना शेगड्या भाड्याने देत. शेगडी कंपनीची, नळ कंपनीचा आणि जोडणारा कारागीरही कंपनीचा. त्यामुळे जबाबदारी कोणाची, हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पुढे शेगडी ही कुटुंबाच्या मालकीची वस्तू होत गेली. घर बदलताना ती खाट-कपाटांबरोबर नेता येऊ लागली आणि नव्या घरात शेजारी, मित्र किंवा नातलग ती जोडून देऊ लागले. वस्तूची मालकी घरात आली. धोक्याची मालकी मात्र संपूर्ण इमारतीची राहिली.

९/
‘गळती झाली तर वास येईलच’ हा नेहमीचा युक्तिवाद. या वासालाही एक इतिहास आहे. नैसर्गिक वायू मुळात गंधहीन असतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, न्यू लंडन या गावच्या शाळेत साचलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मरण पावले. त्यानंतर वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती तेथे झाली. पण वास हा शेवटचा पहारेकरी आहे. तो गळती झाल्यावर बोलतो, आणि तोही जागे असणाऱ्यांशीच. रोनन पॉइंटमध्ये काडी ओढली गेली ती पहाटे, घर नुकते झोपेतून उठत असताना.

१०/
म्हणूनच प्रशिक्षित कारागिराचे खरे काम जोडणीनंतर सुरू होते. ब्रिटनमध्ये यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले साधन अगदी साधे आहे : इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची, पाणी भरलेली काचेची नळी. ती गॅसच्या नळाला जोडायची, नळात ठरावीक दाब भरायचा, पुरवठा बंद करायचा आणि घड्याळ लावून पाण्याची पातळी पाहायची. पातळी उतरली तर कोठेतरी गळती आहे. नाकाला न कळणारी गळतीही ही नळी सांगते. नट आवळण्याची ताकद कोणाच्याही मनगटात असते. आपलेच काम संशयाने तपासण्याची शिस्त प्रशिक्षणातून येते.

११/
दुसरी बाब ज्योतीची. प्रत्येक वायूला त्याच्या मापाचे छिद्र आणि त्याच्या प्रमाणात हवा लागते. रोनन पॉइंट पडले त्या काळात ब्रिटन दगडी कोळशापासून बनवलेला वायू सोडून उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूकडे वळत होता. नव्या वायूची उष्णता जुन्याच्या साधारण दुप्पट होती. १९६७ ते १९७७ या दशकात घरोघरी जाऊन सुमारे ४ कोटी उपकरणांचे बर्नर बदलण्यात आले किंवा सुधारण्यात आले. छिद्र चुकले, हवा कमी पडली, तर ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही.

१२/
हाच धडा लहान प्रमाणात मुंबईच्या स्वयंपाकघरांतही गिरवला जातो. सिलिंडर जाऊन पाइप गॅस आला की शेगडी तीच राहते, पण तिचे जेट बदलावे लागतात. सिलिंडरमधील वायूच्या तुलनेत नैसर्गिक वायूची उष्णता आकारमानामागे कमी असते, म्हणून छिद्र मोठे लागते. हे काम गॅस कंपनीच्या तंत्रज्ञाकडून करून घेतात, त्यामागे साठ वर्षांपूर्वीच्या ब्रिटनमधले हेच कारण आहे.

१३/
रोनन पॉइंटनंतर कायदा कसा घडला?
१९७० : गॅस जोडणाऱ्यांची ‘कॉर्गी’ ही नोंदवही सुरू झाली. नोंदणी ऐच्छिक होती.
१९७२ : गॅस सुरक्षा नियम आले. काम ‘सक्षम’ व्यक्तीनेच करावे, असे तत्त्व ठरले.
१९९१ : गॅसचे काम करणाऱ्या व्यावसायिकांना नोंदणी सक्तीची झाली.
२००९ : १ एप्रिलपासून ‘कॉर्गी’ची जागा ‘गॅस सेफ रजिस्टर’ने घेतली.
नट तुटल्यापासून नोंदणी सक्तीची होईपर्यंत २३ वर्षे गेली. इमारतींचे नियम दोन वर्षांत बदलले. कोसळलेला कोपरा साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिला होता, नट मात्र फार थोड्यांनी पाहिला होता.

१४/
परवाना म्हणजे अचूकतेची हमी, असा समज करून घेऊ नये. परवानाधारकाच्या हातूनही चूक होऊ शकते. फरक असा की त्याच्या कामामागे परीक्षा असते, त्याचे नाव नोंदवहीत असते, त्याच्या कामाची तपासणी होऊ शकते आणि चूक झाल्यास नाव वगळलेही जाऊ शकते. ओळखीचा माणूस प्रेमाने काम करतो, यात शंका नाही. पण त्याला जाब विचारणारे कोणी नसते. भिंतीपलीकडे राहणाऱ्या अनोळखी माणसाला त्या प्रेमाचा उपयोग नाही, त्याला जाबदारीचाच आधार असतो.

१५/
रोनन पॉइंटचा कोसळलेला कोपरा पुन्हा बांधला गेला, लोक तेथे परत राहायलाही आले. अखेरीस १९८६ मध्ये ती इमारत पाडण्यात आली. आज तेथे तिचा मागमूस उरलेला नाही. ब्रिटनमध्ये शेगडी बदलायला आलेला कारागीर दारात उभा राहून खिशातले ओळखपत्र दाखवतो, त्या कार्डावर त्या चार जणांची नावे नसतात. पण त्या कार्डाचा इतिहास त्यांच्यापासून सुरू होतो.

(समाप्त)