नाव ठेवावं, नावं ठेवू नयेत

॥ राम कृष्ण हरी ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली, त्या निमित्ताने ही स्मरणिका निघते आहे. मंडळींनी आम्हाला सांगितलं, महाराज, तुम्ही जुन्या काळावर चार ओळी लिहा. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. शेती आणि कीर्तन, यापलीकडे आमची धाव नाही. दिंडीचे मुक्काम, अन्नदाते, विणेकरी यांवर जाणकार मंडळी लिहितीलच. आम्ही म्हटलं, शंभर वर्षांत रस्ते डांबरी झाले, बैलगाडी जाऊन ट्रॅक्टर आणि टँकर आला, हे सगळ्यांना दिसतं. पण आणखी एक गोष्ट बदलली, ती कुणी लिहून ठेवली नाही. ती म्हणजे माणसांची नावं.

दिंडीची जुनी वही उघडली तर विठ्ठल, पांडुरंग, तुकाराम, नामदेव, एकनाथ, निवृत्ती, सोपान, ज्ञानदेव हीच नावं पानोपानी. पंगतीत 'तुकाराम' म्हणून हाक मारली तर चौघं ओ द्यायचे. मग थोरला तुकाराम, धाकला तुकाराम, मळ्यातला तुकाराम अशी ओळख लावावी लागे. आता त्याच घरांतली पोरं आरव, विहान, रुद्र, शौर्य. बारशाचं बोलावणं येतं तेव्हा आईबाप आम्हाला म्हणतात, महाराज, नाव सुचवा, पण जुनं नको, कुणाचं नसेल असं पाहिजे. आम्ही हसतो. कारण वेगळं वेगळं म्हणून शोधलेलं नाव घेऊन पोरगं शाळेत जातं आणि एकाच वर्गात तीन आरव निघतात. मग गुरुजींना पुन्हा थोरला आरव, धाकला आरव करावं लागतं!

पण प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. जुनं नाव म्हणजे काय आणि वेगळं नाव म्हणजे काय, याचा इतिहास पाहिला पाहिजे.

आपल्या नाशिक जिल्ह्याचं भाग्य असं, की निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. पौष वद्य एकादशीला जिल्हाभरातून दिंड्या तिथे चालत जातात. म्हणून आपल्याकडे गावोगाव निवृत्ती आहेत, त्र्यंबक आहेत, बायांत गोदावरी आहेत. पण आठशे वर्षांमागे जाऊन बघा. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी आपल्या चार लेकरांची नावं ठेवली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. विठ्ठलपंतांच्या वडिलांचं नाव गोविंदपंत. नातवाला आजोबांचं नाव द्यायची चाल असते, ती इथे नाही. चारही नावं अर्थ धरून ठेवलेली. निवृत्ती म्हणजे संसारातून मन काढणं, ज्ञान म्हणजे कळणं, सोपान म्हणजे जिना, मुक्ता म्हणजे सुटलेली. ओळीने वाचलं तर परमार्थाची वाटच होते. म्हणजे आज ज्याला आपण जुनाट म्हणतो ते त्या घरात नवं होतं, वेगळं होतं.

आणि गावाने त्या लेकरांना काय म्हटलं? संन्याशाची पोरं! इतकी सुंदर नावं असताना त्या नावाने हाक मारायला कुणी तयार नव्हतं. आईबापांनी नाव ठेवलं आणि लोकांनी नावं ठेवली. मराठी भाषेची गंमत बघा, एक अनुस्वार वाढला की अर्थ उलटा होतो. पण शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी झाली आणि पुढे तीच नावं महाराष्ट्राच्या घराघरात गेली. जळगावकडचं एदलाबादसुद्धा आता मुक्ताईनगर झालं. लोकांनी ठेवलेली नावं वाहून गेली, आईबापांनी ठेवलेलं नाव राहिलं.

आता दुसरी बाजू सांगतो. सगळ्यांनाच चांगलं नाव मिळत नव्हतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नियम आहे, की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं नाव निंदा वाटेल असं असावं. म्हणजे लेकरू पाळण्यात असतानाच त्याची पायरी ठरवून टाकायची. संतांनी यावर वाद घालत बसण्यापेक्षा देवाचंच नाव सगळ्यांना वाटून टाकलं. नामदेवराय शिंपी, त्यांच्या घरात एका लेकाचं नाव विठा. देहूच्या तुकोबांच्या घरात मुलगे महादेव, विठोबा आणि नारायण. मुली काशी, भागीरथी आणि गंगा. बाईला काशीला जायला कुठलं मिळायला? पण दिवसातून दहादा लेकीला हाक मारली की दहादा तीर्थाचं नाव तोंडात आलं. ब्राह्मणाचा पांडुरंग आणि कुणब्याचा पांडुरंग यांत नावावरून भेद कळत नाही, हे काम संतांनी केलं. ही गोष्ट लहान समजू नका.

यामागे भागवतातल्या अजामिळाची कथा आहे. सहाव्या स्कंधात ती येते. सगळं आयुष्य वाईट मार्गात गेलं, पण धाकट्या मुलाचं नाव नारायण होतं. मरताना भीतीने मुलाला हाक मारली आणि ती देवाला पोचली. आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना लिहायला येत नव्हतं, पण ही कथा त्यांना पाठ होती. पोराला हाक मारायचीच आहे, तर तेवढ्यात हरिनाम घडू दे, इतका साधा हिशेब. आजही बारशाला बाळ पाळण्याखालून-वरून देता-घेता बाया गोविंद-गोपाळाचं नाव घेतात आणि मगच आत्या कानात खरं नाव सांगते. म्हणजे तुम्ही पुढे काहीही नाव ठेवा, पहिलं नाव देवाचंच कानी पडतं.

तरीही जुन्या वहीत दगडू, धोंडू, कचरू, भिका, केरू, नथू, कवडू अशीही नावं दिसतात. नव्या पोरांना हसू येतं. पण ही नावं हसण्याची नाहीत, रडण्याची आहेत. देवीच्या साथीत, प्लेगात, पटकीत लेकरं पटापट जायची. दोन-तीन गेल्यावर जे झालं ते जगावं म्हणून त्याला उकिरड्यावर ठेवून उचलायचं, मग ते कचरू. कुणाच्या पदरात टाकून भीक म्हणून परत घ्यायचं, ते भिका. कवडी देऊन विकत घेतल्याचं दाखवायचं, ते कवडू. पोराला मुलगी भासवायला नाक टोचायचं, ते नथू. मृत्यूला वाटावं, की यात नेण्यासारखं काही नाही. किती माया असेल त्या आईची, की पोर जगावं म्हणून तिने त्याचं नाव घाण ठेवलं! पुढे लस आली. देवीचा रोग १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. दवाखाने झाले, लेकरं जगू लागली, तशी ही नावं आपोआप कमी झाली. नावाला नाव ठेवून भागत नाही, त्यामागचं भय गेलं पाहिजे, हे यातून शिकायचं. आणि नावाने माणूस अडत नाही हेही बघा. पुण्याचा सगळ्यात प्रसिद्ध गणपती दगडूशेठ हलवाई यांच्या नावाने ओळखला जातो.

पण काही नावांत माया नव्हती, नुसता कमीपणा होता. दगडू मारुती पवार हे शेजारच्या नगर जिल्ह्यातले, अकोले तालुक्याकडचे. तेच दया पवार म्हणून लेखक झाले आणि १९७८ साली त्यांचं 'बलुतं' आलं. दगडूचा दया होण्यात केवढा प्रवास आहे! या प्रवासाची वेस आपल्या येवल्यातच आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यातच धर्मांतराची घोषणा केली. १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली आणि त्यानंतर वस्तीवस्तीत गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता अशी नावं पाळण्यात आली. त्यांनीही अडीच हजार वर्षांपूर्वीची नावं काढली आणि नव्यासारखी वापरली. काही मंडळींना हे वारकरी स्मरणिकेत कशाला असं वाटेल. आम्हाला वाटतं, असावं. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढलं तेव्हा त्याच्या माथ्यावर तुकोबांचे शब्द होते. चोखोबांच्या लेकरांना मंदिराबाहेर ठेवलं ते आपण सगळ्यांनी. पंढरीचं दार त्यांना उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं. गुरुजींचं नाव काय? पांडुरंग सदाशिव साने. देवाचं नाव धारण केलेल्या माणसाने देवाच्या दारात उपाशी बसावं, तेव्हा दार उघडतं.

येवल्याचीच आणखी एक आठवण. सत्तावनच्या लढ्यातले तात्या टोपे येवल्याचे. त्यांना सारा देश तात्या म्हणून ओळखतो, पण पूर्ण नाव रामचंद्र पांडुरंग. बापाचं नाव पांडुरंग, लेकाचं रामचंद्र. एवढं मोठं नाव पाळण्यातून निघालं आणि शिपाईगड्यांच्या ओठी दोन अक्षरांचं राहिलं. माणूस मोठा झाला की लोक त्याला प्रेमाचं नाव देतात, ते कुणाला मागून मिळत नाही.

मग ही देवाची नावं मागे का पडली? आमच्या मते तीन कारणं. पहिलं, चेष्टा. मुंबईत घरगड्याला रामा म्हणायची रीत पडली. नाटकात नोकर आला की तो गणपा नाहीतर पांडू. १९७५ साली 'पांडू हवालदार' सिनेमा आला, लोक पोट धरून हसले, पण पांडू हे नाव हसण्याचं होऊन बसलं. शहरात नोकरीला गेलेल्या पोराला आपलं नाव सांगताना मान खाली घालावी वाटू लागली. दुसरं कारण शाळा आणि कागद. आमच्या पिढीत घरातलं नाव इठ्या, गुरुजींनी पटावर विठ्ठल लिहिलं आणि जन्मतारीख १ जून टाकली. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा झाला, मग जन्मल्याबरोबर नोंद आली, आणि नाव ठरवणं आजी-आत्याच्या हातून आईबापांच्या हाती गेलं. तिसरं, रेडिओ, टीव्ही आणि मोबाईल. गावसकर आले तेव्हा गावोगाव सुनील झाले, तेंडुलकर आले तेव्हा सचिन झाले. त्या सचिनचं नाव त्याच्या वडिलांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं होतं. म्हणजे गाणं आवडलं म्हणून नाव ठेवलं, आणि तो क्रिकेटमध्ये गेला!

पण चेष्टेला उत्तरही नावानेच मिळालं. ज्या पोलिसाला लोक पांडू म्हणून हसायचे, त्याच पोलिस खात्यातल्या तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात नुसती लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली आणि अंगावर गोळ्या घेतल्या. त्यांना अशोकचक्र मिळालं. त्यानंतर तुकाराम या नावाला कुणी जुनाट म्हणून दाखवावं.

लेकींचंही एक सांगायचं आहे, आणि आम्हाला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलाची वाट बघताना मुलगी झाली की तिचं नाव नकोशी, नकुसा ठेवायचं. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. ज्या संप्रदायात ज्ञानेश्वरांना ताटी उघडायला लावणारी मुक्ताबाई आहे, जनाबाई आहे, सोयराबाई आहे, आणि पुरुष संताला आई म्हणून माउली हाक मारतात, त्या महाराष्ट्रात लेकीला नकोशी म्हणायचं! आपल्या दिंडीच्या जुन्या वहीतसुद्धा बायांचं नाव नाही. अमक्याची आई, तमक्याची मंडळी, एवढंच. डोक्यावर तुळस घेऊन पंढरीपर्यंत चालली ती, आणि वहीत नाव मुलाचं. आता शासनाने नियम केला आहे, की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या कागदावर त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. हे काम दिंडीने आधी करायला हवं होतं, शासनाने केलं.

आमचं म्हणणं एवढंच, की नाव जुनं ठेवा की नवं, त्यावर भांडू नका. आरव म्हणजे आवाज. टाळाचा आवाज म्हटलं तर तेही नाव वारीत शोभतं. शहरातली शिकलेली मंडळी लेकींना ओवी, मुक्ता म्हणू लागली आहेत, आणि खेड्यातली आपण ती नावं टाकतो आहोत. आपण टाकलेलं दुसऱ्याने उचलल्यावर मग किंमत कळते. म्हणून नाव ठेवताना तीन गोष्टी बघा. अर्थ आजीला सांगता आला पाहिजे. हाक शिवाराच्या या बांधावरून त्या बांधाला गेली पाहिजे. आणि ते नाव घेताना लेकराला कधी खाली बघावं लागू नये. नुसतं नाव मोठं ठेवूनही उपयोग नाही, नाहीतर नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. नाव ज्ञानेश्वर ठेवलं तर पोराला शाळेत पाठवा.

दुसऱ्या शतकाची नवी वही यंदा सुरू होते आहे. तिच्यात प्रत्येक वारकऱ्याचं पूर्ण नाव लिहावं, आईच्या नावासकट. बायांचं नाव त्यांचं स्वतःचं लिहावं. दगडू असेल तर दगडूच लिहावं, त्याला कुणी हसू नये. वाटेत आपण सगळे एकमेकांना माउलीच म्हणतो, तिथे नाव विचारायचं कारण पडत नाही. पण शंभर वर्षांनी वही उघडणाऱ्याला कळलं पाहिजे, की या वाटेने कोण कोण चाललं होतं.

॥ पुंडलिक वरदे हरी विठ्ठल ॥